कॅबसमोर माइक नेमका कुठे? घरच्या खोलीत हेवी मेटल गिटार रेकॉर्ड करणाऱ्यांसाठी

पहिल्यांदा गिटार कॅबला, म्हणजे अँपला जोडायच्या स्पीकरच्या पेटीला, माइक लावला तेव्हा खोलीत आवाज असा होता की छातीत दणके बसत होते. हेडफोनमध्ये मात्र डब्यात गांधीलमाशी कोंडल्यासारखं काहीतरी आलं. मग मी अँपवरचे नॉब फिरवत बसलो. ट्रेबल कमी, बेस जास्त, मिड कमी, परत जास्त. दोन रविवार त्यात गेले. शेवटी आमच्या ड्रमरला चहाचा कप ठेवायला जागा हवी होती म्हणून त्याने पायानेच माइकचा स्टँड जरा बाजूला ढकलला, आणि पुढचा टेक, म्हणजे पुढचं रेकॉर्डिंग, एकदम भरीव आला. अँपवर कुणी हातही लावला नव्हता. माइक दोन बोटं सरकला होता, इतकंच.

ती दोन बोटं नीट कशी सरकवायची, हे खाली लिहितोय. आमची खोली पुण्यातल्या सहकारनगरातली, तळमजल्याची, भिंतींना फक्त ऑइलपेंट. म्हणजे स्टुडिओ नाही. तुमचीही बहुधा तशीच असेल असं धरून चालतो.

आधी सामान गोळा करा

- अँप आणि कॅब. चार स्पीकरचा मोठा कॅबच हवा असं काही नाही. माइक शेवटी एकाच स्पीकरसमोर लागतो, त्यामुळे बारा इंची एक स्पीकर असलेला कॅबही चालतो. मेटलमध्ये सेलेस्टियनचा व्हिंटेज ३० खूप वापरला जातो, कारण त्याचा वरचा मिड (बेस आणि ट्रेबलच्या मधल्या पट्टीचा वरचा भाग) पुढे येतो आणि गिटार ड्रम्समधून वाट काढते. मार्शलच्या बऱ्याच कॅबमध्ये जी१२टी-७५ असतो, त्याचा मिड जरा आत असतो.
- शुअर एसएम५७. हा माइक १९६५ पासून बाजारात आहे आणि पहिला माइक म्हणून दुसरा कुठलाही शोधत बसू नका. नकली फिरतात, म्हणून बिल देणाऱ्या अधिकृत दुकानातूनच घ्या.
- जड पायाचा, आखूड बूम स्टँड (आडवा दांडा असलेला माइक स्टँड). हलका स्टँड कॅबच्या थरथरीने हळूहळू मान टाकतो आणि तिसऱ्या टेकला तुमचा टोन बदललेला असतो.
- ऑडिओ इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारा डबा), एक्सएलआर केबल (माइकची केबल), बंद कपांचा हेडफोन, इअरप्लग.
- स्पीकर केबल. ही वेगळी असते, खाली सांगतो.
- डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल अँपशिवाय थेट रेकॉर्ड करायचा डबा) असेल तर उत्तम.
- टॉर्च, मोजपट्टी, मास्किंग टेप, खडू.
- घरातल्या दोन गाद्या आणि जितक्या मिळतील तितक्या गोधड्या.
- गिटारला नव्या तारा आणि ट्यूनर.

केबल, कनेक्टर, सोल्डरचं काम असलं की मी बुधवार पेठेतली तपकीर गल्ली गाठतो. गुरुवारी दुपारी रेकॉर्डिंग ठेवू नका. पुण्यात गुरुवार दुरुस्तीचा, कधी लाइट जाईल नेम नाही.

१. कॅब भाड्याने आणताना

चार स्पीकरच्या कॅबचं वजन ३५ किलोच्या आसपास जातं. रिक्षावाले काका लांबून बघूनच मान हलवतात. सरळ छोटा हत्ती सांगा आणि बरोबर एक मित्र घ्या.

ताब्यात घेण्याआधी तिथेच अगदी हळू आवाजात वाजवून प्रत्येक स्पीकरजवळ कान न्या. मी एकदा हे केलं नाही. घरी आल्यावर कळलं की खालच्या उजव्या स्पीकरचा कागद फाटलाय आणि जाड तार वाजली की तो फडफडतो. देणाऱ्याचं म्हणणं, "तो तर मेटलचाच आवाज आहे." भाडं गेलं ते गेलंच.

२. खोली आणि शेजारी

निवासी भागासाठी आवाजाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल आहे. वाजत्या स्पीकरसमोर ११० डेसिबल सहज ओलांडले जातात. भिंती बरंच अडवतील, पण जाड तारेचा घुमार भिंतीतून जातोच. म्हणून आदल्या दिवशी वरच्या काकूंना सांगून या. मी गेलो तेव्हा त्यांनी एकच अट घातली: "एक ते चार नको रे बाबा, डोळा लागतो." ही अट पुण्यात कायद्यापेक्षा कडक असते. आम्ही अकरा ते एक आणि साडेचार ते सात या वेळा ठरवल्या आणि कधीच भांडण झालं नाही.

कॅब भिंतीला चिकटवू नका, कोपऱ्यात तर अजिबात नको. बेस फुगतो. भिंतीपासून तीन-चार फूट पुढे ओढा, समोरच्या जमिनीवर गोधड्या अंथरा, माइकच्या मागे एक गादी उभी करा. फरशीवरून उसळून येणारा आवाज तेवढ्याने बराच मवाळ होतो.

आता खडखड शोधा. कुणालातरी सगळ्यात जाड तारेवर एकेक सूर लांबवत वाजवायला सांगा आणि तुम्ही खोलीभर हात लावत फिरा. आमच्याकडे ड्रॉप सी (जाड तार सी सुरापर्यंत खाली उतरवलेलं ट्यूनिंग) वाजला की कुठूनतरी बारीक चिर्रर यायचं. तासभर अँपवर संशय घेतला. निघालं ते फडताळातल्या पितळी डब्याचं झाकण. खिडकीच्या काचा, पडद्याच्या कड्या, ट्यूबलाइटची पट्टी, सगळं तपासा. पंखा बंद. नुसता वाऱ्याचा प्रश्न नाही, काही रेग्युलेटरची गुरगुर गिटारच्या पिकअपमध्ये शिरते. एप्रिलमध्ये हे फार जड जातं, पण इलाज नाही.

३. जोडणी: इथे चूक महागात पडते

व्हॉल्व्ह अँप (आत काचेच्या नळ्या असलेला) असेल तर कॅब जोडल्याशिवाय तो चालू करू नका. स्पीकर नसताना वाजवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो, आणि त्याची दुरुस्ती नव्या गिटारच्या भावात जाते.

कॅबच्या मागे ओहमचा आकडा लिहिलेला असतो, ४, ८ किंवा १६. अँपच्या मागचं त्याच आकड्याचं भोक वापरा.

अँप ते कॅब ही केबल स्पीकर केबलच हवी. गिटारची केबल दिसायला तशीच असते, प्लगही तोच, पण आतली तार बारीक असते. ती तापते, आणि त्याचा भुर्दंड पुन्हा अँपलाच.

जुन्या वाड्यात किंवा जुन्या इमारतीत असाल तर अर्थिंग आहे का ते वायरमनकडून बघून घ्या. भोकं तीन असली तरी तिसऱ्यात काही जोडलेलंच नसतं, असं मी दोन घरांत पाहिलंय. घूं आवाज घालवायला प्लगची अर्थ पिन कापण्याचा सल्ला कुणी दिला तर त्याचं ऐकू नका. जीवाशी खेळ आहे. अँप, इंटरफेस, लॅपटॉप सगळं एकाच बोर्डवरून घ्या, निम्मी गुरगुर तिथेच जाते.

४. माइक लावण्याआधीचा टोन

उभं राहून अँपचा टोन ठरवू नका. बारा इंची स्पीकरमधून वरच्या पट्टीचा आवाज टॉर्चच्या झोतासारखा सरळ पुढे जातो. तुम्ही उभे असता तेव्हा तो झोत तुमच्या नडगीवर पडत असतो, कानावर नाही. म्हणून कानाला टोन मऊ लागतो, तुम्ही ट्रेबल वाढवता, आणि झोताच्या मधोमध बसलेल्या माइकला तो सगळा ट्रेबल मिळतो. माझी गांधीलमाशी तिथूनच आली होती. आवाज अगदी कमी करा, कॅबसमोर उकिडवे बसा, आणि माइक काय ऐकणार आहे ते आधी स्वतः ऐका. मोठ्या आवाजात कान स्पीकरजवळ नेऊ नका. कान बदलून मिळत नाहीत.

गेन, म्हणजे डिस्टॉर्शन किती ते ठरवणारा नॉब, तुम्हाला आवडतो त्यापेक्षा कमी ठेवा. एकट्याने वाजवताना कमी वाटेल. पण तोच रिफ (गाण्यात पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा तुकडा) दोनदा किंवा चारदा वाजवून एकमेकांवर ठेवला की सगळ्या थरांचा गेन मिळून चिखल होतो, आणि पाम म्यूटचा (तळव्याने तारा दाबून वाजवलेला) ठोका त्यात बुडतो. मिड पूर्ण काढून टाकू नका. खोलीत एकट्याने छान वाटतं, बेस आणि ड्रम्स आले की गिटार गायब होते.

खाली ट्यून केलेल्या गिटारचा बेस फसफसतो, तेव्हा अँपच्या आधी ट्यूब स्क्रीमर जातीचा ओव्हरड्राइव्ह पेडल लावा. त्याचा ड्राइव्ह शून्याजवळ, लेव्हल बरीच वर. इथे त्याच्याकडून डिस्टॉर्शन नको असतं, तो अँपमध्ये शिरणारा बेस आवळतो, तेवढ्यासाठी. साध्या ट्यूनिंगमध्ये खालचा ई साधारण ८२ हर्ट्झवर असतो आणि ड्रॉप सीमध्ये तीच तार ६५ वर येते, म्हणजे जितके खाली जाल तितकी गरज वाढते.

आवाज किती मोठा? स्पीकरचा कागद मोकळा हलू लागेल इतका. त्यापुढे नुसता शेजाऱ्यांना त्रास.

५. कोन शोधा

मराठीत पंचाईत अशी की स्पीकरचा कागदी कोन आणि भूमितीतला कोन एकच. इथे कोन म्हणजे तो कागद. वळवण्याबद्दल बोलताना मी "तिरका" म्हणेन.

कापडाच्या जाळीमागे स्पीकर दिसत नाही. खोलीतला दिवा घालवा आणि टॉर्च जाळीला जवळजवळ टेकवून बाजूने मारा. मधोमध गोल टोपी दिसेल, ती डस्ट कॅप. तिच्याभोवती कागद, आणि कडेला वळ्यांची किनार. जाळीवर मास्किंग टेपचे चार छोटे तुकडे लावा: एक टोपीच्या मध्यावर, एक टोपीच्या कडेवर, एक कागदाच्या निम्म्यावर, एक किनारीजवळ. खडूने त्यावर १ ते ४ लिहा. हा पाच मिनिटांचा उद्योग पुढचे दोन तास वाचवतो.

चार स्पीकरच्या कॅबमध्ये चारही सारखे वाजत नाहीत. एकाच दिवशी बनलेले असले तरी नाहीत. प्रत्येकावर तोच रिफ रेकॉर्ड करून सगळ्यात आवडलेल्याच्या वर टेपची फुली मारा.

६. माइक सरकवा, नॉब नाही

लेखाचा जीव इथे आहे, तेव्हा इथे घाई करू नका.

एसएम५७ जाळीपासून बोटभर अंतरावर, सरळ, खूण २ वर ठेवा. म्हणजे टोपी आणि कागद जिथे जुळतात तिथे. माझी सुरुवात नेहमी इथून होते, आणि निम्म्या वेळा शेवटही इथेच होतो.

मध्याकडे, खूण १ कडे नेलात तर आवाज धारदार होतो. पिक तारेला खरवडते ते ऐकू येतं, आणि त्याबरोबर वरची वाळूसारखी करकरही येते. किनारीकडे गेलात तर गडद, जाड, आणि पुढे पुढे कांबळं पांघरल्यासारखा. १ आणि २ यांच्यातलं अंतर जेमतेम दीड-दोन इंच असतं, पण तेवढ्यात दोन वेगळे अँप वाटतील असा फरक ऐकू येतो. म्हणून इंचाइंचाने सरकू नका, अर्ध्या सेंटिमीटरने सरका.

अंतराचा खेळ वेगळा. हा माइक एका दिशेने ऐकणारा आहे, आणि असे माइक आवाजाच्या जितके जवळ तितका बेस वाढवतात. जाळीला टेकवलात तर पाम म्यूट धपकन बसतो. एक-दोन इंच मागे घेतलात की बेस उतरतो आणि थोडी हवा येते. अर्ध्या फुटाच्या मागे गेलात की खोली ऐकू येऊ लागते, आणि ऑइलपेंटच्या भिंतींची खोली कुणालाच ऐकायची नसते.

तिरका करणं ही तिसरी युक्ती. जागा आवडली, फक्त वरची करकर नको, तर जागा न बदलता माइक तिरका करा. टोकं मऊ होतात.

एकट्याने काम करत असाल तर लूपर पेडल (वाजवलेलं साठवून तेच पुन्हा पुन्हा वाजवणारा) गिटार आणि अँपच्या मध्ये लावा. वीस सेकंदांचा रिफ भरा, त्यात पाम म्यूट हवा, उघडा कॉर्ड हवा, एक लांब सूर हवा. तो फिरता ठेवा, कानात इअरप्लग, वर बंद हेडफोन, आणि माइक हाताने हळू सरकवा. मित्र असेल तर तो माइक धरेल आणि तुम्ही बाजूच्या खोलीतून ओरडाल. आमच्याकडे हे संभाषण असं असतं:

"डावीकडे. अजून. अरे, तुझं डावं नाही, माझं!"

"किती?"

"तांदळाच्या दाण्याएवढं."

हसू येईल, पण माप तेच आहे.

प्रत्येक जागेवर तीस सेकंद रेकॉर्ड करा, आणि आधी तोंडाने सांगा: "खूण दोन, एक बोट, सरळ." मग सगळे तुकडे एकाच आवाजावर आणून, बेस आणि ड्रम्सबरोबर ऐका. आवाज सारखा न करता ऐकलंत तर जो मोठा तो चांगला वाटतो. मी या सापळ्यात इतक्यांदा पडलोय की आता मीटर बघितल्याशिवाय मत देत नाही. आणि एकट्या गिटारवर मत बनवू नका. गिटार एकटी ऐकताना जो टोन जरा रोडका, नाकात बोलणारा वाटतो, तोच पुष्कळदा पूर्ण गाण्यात बरोबर बसतो. खालचा दणका बेस गिटारचं काम आहे, तिला करू द्या.

सगळ्या जागा फिरूनही आवडलं नाही, तर मगच अँपकडे जा. आणि एका वेळी एकच नॉब.

७. लेव्हल

२४ बिटवर रेकॉर्ड करा आणि सगळ्यात जोरदार रिफची टोकं उणे १२ डीबीच्या आसपास ठेवा. लाल दिवा लागू देऊ नका. इथे क्लिप झालेलं (लेव्हल मर्यादेबाहेर जाऊन कापलेलं) डिस्टॉर्शन अँपच्या डिस्टॉर्शनसारखं नसतं, ते नुसतं तुटतं. एसएम५७ ला फँटम पॉवर (इंटरफेसमधून केबलवाटे माइकला जाणारी वीज) लागत नाही, बटण बंद ठेवा.

८. दुसरा माइक, हवाच असेल तर

पहिल्या महिन्यात नको. एका माइकवर हात बसला की मग.

मेटलमधली एक प्रसिद्ध मांडणी स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या स्टुडिओ फ्रेडमनच्या नावाने ओळखली जाते. दोन एसएम५७: एक सरळ टोपीच्या कडेवर, दुसरा त्याला खेटून साधारण ४५ अंशांत तिरका. सरळवाला धार देतो, तिरका अंग भरतो, आणि दोघांचं प्रमाण बदलून टोन हवा तसा वळवता येतो.

अडचण फेजची. आवाज दोन्ही माइकपर्यंत एकाच वेळी पोचला पाहिजे. एक माइक दुसऱ्यापेक्षा साडेतीन सेंटिमीटर मागे राहिला, तर ५ किलोहर्ट्झच्या आसपासचा भाग एकमेकांना कापतो, आणि गिटार पत्र्याच्या नळीतून आल्यासारखी वाटते. ती धार पुढे कुठल्याही ईक्यूने (ठरावीक पट्ट्या कमी-जास्त करून) नीट परत येत नाही.

जुळवायची पद्धत थोडी उलटी आहे. दोन्ही माइकची लेव्हल सारखी करा, सॉफ्टवेअरमध्ये किंवा इंटरफेसवर एकाची पोलॅरिटी (सिग्नलची अधिक-उणे बाजू) उलट करा, रिफ चालू ठेवा आणि दुसरा माइक मिलिमीटरने मागेपुढे करा. आवाज जिथे सगळ्यात पातळ आणि कंगाल होईल तिथे स्क्रू घट्ट करा. मग पोलॅरिटी परत सरळ. तिथेच आवाज सगळ्यात भरलेला मिळतो.

दुसरा माइक रिबन (आत धातूची पातळ पट्टी असलेला) घ्यायचा विचार असेल तर एवढं लक्षात ठेवा: तो मागूनही तितकंच ऐकतो, म्हणून मागची गादी तिथे आणखी गरजेची. आणि साध्या रिबनला खराब केबलमधून फँटम पॉवर गेली तर तो कामातून जाऊ शकतो.

९. टेक

तारा आदल्या दिवशी बदला, त्याच दिवशी बदलल्या तर दिवसभर उतरत राहतात. प्रत्येक टेकच्या आधी ट्यून करा, हो, प्रत्येक.

डावीकडे एक टेक, उजवीकडे दुसरा. एकच टेक कॉपी करून दोन्हीकडे टाकलात तर रुंदी येत नाही, तो मधोमधच ऐकू येतो. दोनदा खरंच वाजवावं लागतं, आणि तेही एकमेकांना चिकटून. इथे माइक कामाला येत नाही, मेट्रोनोम येतो.

डीआय बॉक्स असेल तर गिटारचा कोरा सिग्नल वेगळ्या ट्रॅकवर घेत राहा. टोन फसला तरी वाजवलेलं वाया जात नाही, तोच सिग्नल नंतर अँपमधून पुन्हा काढता येतो.

गणपतीच्या आधीचे दोन महिने नदीपात्राजवळ राहणाऱ्यांसाठी वेगळी सूचना: कॅब वाजत असताना ढोल-ताशाचा सराव माइकमध्ये जाणवत नाही, पण रिफ जिथे थांबतो त्या अर्ध्या सेकंदात ताशा बरोबर शिरतो. ते थांबे नंतर कापून काढा.

मिक्समध्ये फार काही लागत नाही. ७० ते १०० हर्ट्झच्या खालचं काढा, १० किलोहर्ट्झच्या वरचं काढा. कुठे एखादी शिट्टी टोचत असेल तर तेवढीच अरुंद पट्टी थोडी खाली. त्यापेक्षा जास्त ईक्यू लावावा लागतोय असं दिसलं तर सहाव्या पायरीवर परत जा.

१०. आवरण्याआधी

माइकचा समोरून आणि बाजूने मोजपट्टी धरून फोटो काढा. अँपच्या नॉबचाही. स्टँडच्या पायांभोवती फरशीवर टेप लावा. पुढच्या रविवारी "तसाच लाव ना" म्हणून तसा लागत नाही.

आणि कॅब छोट्या हत्तीत चढवण्याआधी सगळे ट्रॅक सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकेक करून ऐका. आम्ही पहिल्या ईपीच्या (छोट्या अल्बमच्या) वेळी ऐकले नाहीत. कॅब परत गेला आणि रात्री लक्षात आलं की ब्रेकडाउनच्या (गाण्यातल्या संथ, जड भागाच्या) आधी सगळी वाद्यं थांबतात तिथे, डावीकडच्या ट्रॅकवर, वरच्या काकूंच्या कुकरची शिट्टी आहे. ड्रमर म्हणाला, सुरात आहे, राहू दे. ती अजून तिथेच आहे.